पंखा बंद केल्यावर

"मॅडम, मग माझं उत्तर कुठं जाईल?"

हे विचारणारी मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. ऑक्टोबरचं ऊन, सकाळी साडेदहालाच कॉलेजचा व्हरांडा तापलेला, आणि तिच्यासमोर तिच्याच वर्गातला एक मुलगा खांबाला टेकून, मान खाली घालून उभा. आदल्या दिवशी दोघांनी आमच्या पॉडकास्टचा एक भाग रेकॉर्ड केला होता. विषय मुलांनीच निवडलेला: शेती करणाऱ्या मुलाला मुलगी का मिळत नाही. बोलता बोलता तो मुलगा काही बोलून गेला, तिनं त्याला उत्तर दिलं, आणि आता तो आपलं तेवढं बोलणं काढून टाका म्हणून सांगायला आला होता. आमच्याकडे नियम आहे. भाग बाहेर जाण्याआधी कुणीही आपलं बोलणं मागे घेऊ शकतं आणि त्याला कारण विचारायचं नाही. नियम मुलांनीच केलेला, मला तेव्हाही पटला होता, आजही पटतो. पण प्रश्न काढून टाकला तर उत्तराचं काय करायचं, हे त्या नियमात कुठेच नव्हतं. मी तिला म्हटलं, उद्या बोलू. ती "बरं" म्हणाली आणि तासाला निघून गेली. तिचा प्रश्न मात्र गेला नाही. रात्री भाकरी थापताना, एसटीत खिडकीशी बसल्यावर, वर्गात हजेरी घेताना तिच्या नावावर आलं की, तो परत परत समोर येत राहिला.

आमची रेकॉर्डिंगची खोली म्हणजे ग्रंथालयामागची अडगळ. जुन्या मासिकांचे बांधीव खंड तिथे भिंतीला लावून ठेवलेत, त्यांना कुणी हात लावत नाही, पण आवाजासाठी त्यांच्यासारखी भिंत नाही. नुसत्या प्लास्टरच्या खोलीत बोललेलं घुमतं, वर्गखोलीत बोललेलं तर विहिरीत बोलल्यासारखं येतं, कागदाचे गठ्ठे मात्र घुमणं गिळून टाकतात. खिडकीला एका मुलीनं घरून आणलेली गोधडी अडकवली आहे. ट्यूबलाइटची चोक घुंई करते म्हणून ती बंद. फोन एअरप्लेन मोडवर. आणि शेवटी पंखा बंद. खानदेशात पंखा बंद करून बसणं म्हणजे काय, ते इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. पाच मिनिटांत कपाळावरून घाम ओघळायला लागतो, दहा मिनिटांत माइक धरलेला हात निसटायला लागतो. बसस्थानक जवळ आहे, तिथली घोषणा सुरू झाली की सगळे थांबतात, "चोपड्याकडे जाणारी" संपेपर्यंत एकमेकांकडे बघत बसतात. मला वाटतं या उकाड्याचा बोलण्यावर फार चांगला परिणाम होतो. पाल्हाळ कुणाला परवडत नाही. ज्याला खरंच काही सांगायचंय तोच बोलतो. आणि दोन माणसं सारखीच घामाघूम होऊन एकाच माइकशी वाकून बसलेली असली, की एकमेकांपासून फार लांब जाता येत नाही.

सुरुवात एका मुलाच्या हट्टातून झाली. मी वक्तृत्व स्पर्धेच्या तयारीसाठी त्याला बोलावलं, तर म्हणाला, मॅडम, भाषण नको, गप्पा रेकॉर्ड करू. मला आधी ते पटलं नव्हतं. आमच्या पिढीतल्या खेड्यांतल्या मुलींना वक्तृत्व स्पर्धेनंच तोंड उघडायला शिकवलं. "सन्माननीय अध्यक्ष, पूज्य गुरुजनवर्ग" म्हणताना पाय लटपटायचे, पण त्या लटपटीतूनच उभं राहता आलं. वादविवाद स्पर्धेत चिठ्ठी उचलून बाजू मिळायची. अनुकूल निघालं तर अनुकूल, प्रतिकूल निघालं तर प्रतिकूल. घंटा वाजली की संपलं, मग निकाल, मग फिरता चषक छातीशी धरून फोटो. त्या स्पर्धांमधली माझी वाक्यं मला अजून पाठ आहेत. समोरच्या मुलामुलींनी काय मांडलं होतं त्यातलं मात्र एक अक्षर आठवत नाही. त्यांचं ऐकायचं ते खोडण्यापुरतं, आणि खोडून झालं की विसरायचं, अशीच ती रीत होती. शिवाय हुंडा, व्यसन, अंधश्रद्धा असल्या विषयांवर आम्ही तळमळून बोलायचो, पण कुणाच्या घरात काय चाललंय ते त्यात कधी यायचं नाही. हुंडा नावाची गोष्ट जणू दुसऱ्याच कुठल्या तालुक्यात घडत होती.

पॉडकास्टमध्ये घर येतं.

त्या दिवशीच्या भागात तेच झालं. मुलगा पारोळ्याकडचा, कोरडवाहू कापसाचं घर. तो म्हणाला, मुलींनी भाव खाल्लाय. पाच एकरवाला नको, दहा हजारांची का असेना पण पुण्याची नोकरी पाहिजे. पाठोपाठ त्यानं मोठ्या भावाचं सांगितलं. भाऊ तेहतीस वर्षांचा, निर्व्यसनी, बोअर घेतला, ठिबक केलं, ट्रॅक्टरचे हप्ते फेडले, तरी बायोडाटा जातो आणि परत येतो. एका ठिकाणी मुलीच्या मामानं चहाचा कप हातात देऊन विचारलं, "बाकी काय करता?" शेती सांगून झाली होती, तरी हा प्रश्न. त्या दिवसानंतर भाऊ मुलगी बघायला जात नाही आणि गावातल्या लग्नातही पंगतीला थांबत नाही. एवढं सांगून मुलगा गप्प झाला. मी हेडफोन लावून बसले होते. त्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

मुलगी लगेच बोलली नाही. मग म्हणाली, "तुझ्या दादाला 'बाकी काय करता' विचारलं ते वाईटच झालं. पण माझ्या आईला कुणी तेवढंही विचारलं नाही." आणि तिनं आईचा दिवस सांगितला. वेचणीच्या दिवसांत पहाटे भाकरी करून निघायचं, कमरेला ओटी बांधायची, दंव असलेल्या बोंडांनी बोटं भिजायची, ऊन चढलं की त्याच बोंडांच्या वाळल्या नख्या बोटांत घुसायच्या. बाहेरच्या मजुरणीला किलोवर पैसे, घरच्या बाईला काहीच नाही. सातबाऱ्यावर आजोबा, मग बाबा आणि काका. आत्यांनी हक्कसोड लिहून दिलं, त्या दिवशी त्यांना साडी-चोळी केली. "मला शेती नको असं नाही. आईनं केली तशी नको. माझं नाव नसलेल्या रानात मी आयुष्यभर राबायचं, हे नको." आवाज चढला नव्हता. फक्त "राबायचं" म्हणताना ती माइकच्या फार जवळ आली आणि पडद्यावरची आवाजाची लाट वर जाऊन आपटली. रेकॉर्डिंगमध्ये तेवढा शब्द फाटका येतो.

यावर त्या मुलानं जे सांगितलं त्यानं मी चकित झाले. त्याचे आजोबा शेतकरी संघटनेचे. छातीवर लाल बिल्ला लावून आंदोलनात जाणारे. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन झालं, त्याला आजी गेली होती. पुढे संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, घरच्या लक्ष्मीच्या नावावर जमीन करा म्हणून, तेव्हा आजोबांनी आजीच्या नावावर एक एकर केलं. "आमच्या घरी असं नाही," तो म्हणाला. मुलीनं विचारलं, "आणि तुझ्या आईच्या नावावर?" तो थांबला. "नाही. आजीच्या नंतर झालंच नाही ते." कायद्यानं मुलींना वडिलोपार्जित जमिनीत भावांइतका वाटा महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली दिला, हे मी दर वर्षी वर्गात सांगते आणि मुलं वहीत उतरवून घेतात. एका घरात एका पिढीत झालेली गोष्ट पुढच्या पिढीत आपोआप कशी बंद पडते, हे मात्र माझ्या कुठल्याच तासाला कुणाला कळलं नसेल. त्या अडगळीत, पंखा बंद असताना, ते एका मुलाला स्वतःच्या तोंडून कळलं.

आणि त्यानं काढून टाका म्हणून सांगितलं, ते यातलंच.

आमच्याकडचा आणखी एक नियम मला फार मोलाचा वाटतो. भागात एखाद्याशी ज्याचं पटत नाही, त्यानंच त्याचं बोलणं एडिट करायचं. हा सुचला तो एका भांडणातून. आधी ज्याला ऑडॅसिटी, म्हणजे आवाज कापायचं-जोडायचं सॉफ्टवेअर, चालवता येतं तो सगळं करायचा. एका भागात मोफत एसटी पासबद्दल बोलणं झालं. एका मुलीचं बोलणं ऐकताना सगळ्यांना ती फार ताठ वाटली, तिला स्वतःलासुद्धा. मूळ रेकॉर्डिंग काढून ऐकलं, तर एडिट करणाऱ्यानं भाग आटोपशीर व्हावा म्हणून तिची सगळी "मला वाटतं" आणि "कदाचित" उडवली होती. एकही मुद्दा त्यानं बदलला नव्हता. पण जी मुलगी चाचपडत, विचार करत बोलत होती, ती निकाल सुनावणारी झाली होती. तेव्हापासून "मला वाटतं" कापायचं नाही, हे कागदावर लिहून खंडांच्या कपाटाला चिकटवलंय. आणि विरोधातल्यानं एडिट करायचं हेही. कारण कापायचं असेल तर एकच वाक्य पाच-सहा वेळा ऐकावं लागतं. कुठे श्वास घेतला, कुठे अडखळला, कुठे हसला, ते कळतं. हसणं कापलं तर थट्टा ही शिवी होते. उत्तराआधीची शांतता अर्धी केली तर विचार करून बोललेला माणूस टपून बसलेला वाटतो. दोन तुकडे जोडायचे तर मध्ये खोलीची मोकळी शांतता घालावी लागते, म्हणून प्रत्येक रेकॉर्डिंगच्या शेवटी सगळ्यांनी अर्धा मिनिट नुसतं बसायचं असतं. ज्याच्याशी आपण तावातावानं भांडलो, त्याच्या बरोबर अर्धा मिनिट काही न बोलता, न हलता बसणं ही मुलांना सुरुवातीला अवघड गेलेली गोष्ट. आता त्यांनाच ती आवडते.

पहिल्यांदा स्वतःचा आवाज हेडफोनमधून ऐकला की प्रत्येक जण दचकतो. आपलं बोलणं आपण एरवी हवेतून आणि कवटीच्या हाडांतूनही ऐकत असतो, त्यामुळे रेकॉर्ड केलेला आवाज पातळ, परका येतो. एक मुलगा तर अहिराणीत ओरडलाच, "हाऊ मना आवाज शे?" त्याला आधी तो आवाज नकोसा झाला, मग हळूहळू त्यानंच भागाची सुरुवात करायला मागितली. माझ्या लहानपणी आमच्या ओट्यावर संध्याकाळी आकाशवाणीचं जळगाव केंद्र लागायचं. आजोबा कान देऊन बाजारभाव ऐकायचे. रेडिओतला माणूस आपल्यासारखा बोलतो का, हा प्रश्न आम्हाला पडायचाच नाही. तो रेडिओतला होता. आता शिरपूरकडची मुलगी "मी काय सांगस" म्हणत सुरू करते, पावरा आदिवासींची पावरी बोलणारी मुलगी मध्येच दोन वाक्यं पावरीत बोलून जाते, लेवा गणबोलीतला हेल माइकला लपत नाही, आणि गावात कुणाच्या तरी स्वयंपाकघरात फोन पाण्याच्या पिंपावर ठेवून ते ऐकलं जातं.

दुसऱ्याचा आवाज हातात येणं हे आमच्या खानदेशाला नवीन नाही, असं मला अलीकडे सारखं वाटतं. अमळनेर आमच्यापासून जवळच. तिथे साने गुरुजी १९२४ ते १९३० शिक्षक होते, आणि वसतिगृहातल्या मुलांसाठी 'छात्रालय दैनिक' हातानं लिहून काढायचे. कष्टाचं ते रोजचं काम केवढं असेल! मुलांनी ते वाचावं आणि आपल्याबद्दल, बाहेरच्या जगाबद्दल विचार करावा, एवढ्यासाठी. मग १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत, आणि गुरुजी ते उतरवून घेत. बोलणारा बोलून गेला. ते टिकलं उतरवून घेणाऱ्यामुळे. बहिणाबाईंचंही तेच. त्यांना लिहिता येत नव्हतं. जात्यावर, शेतात त्यांच्या तोंडून गाणी यायची आणि त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, ती उतरवली. १९५१ साली बहिणाबाई गेल्या, त्यांच्या गाण्यांचं पुस्तक निघालं १९५२ साली. आपल्या विद्यापीठाला आज त्यांचं नाव आहे. मी विद्यार्थ्यांना हे सांगते ते थोरवी गाण्यासाठी नाही. उतरवून घेणारा माणूस किती विश्वासाचा असावा लागतो, हे त्यांनी कान आणि हात वापरून समजून घ्यावं, म्हणून. विनोबांचा एखादा शब्द गुरुजींना पटला नसेल तर त्यांनी काय केलं असेल, असा प्रश्न एका मुलीनं विचारला. मला उत्तर देता आलं नाही. प्रश्न मात्र फार आवडला.

आडनावांवरून आमच्यात मोठा वाद झाला होता. सुरुवातीला ठरलं, फक्त नाव सांगायचं. इथे पाटील म्हटलं, चौधरी म्हटलं, तडवी, वळवी, सोनवणे म्हटलं, की ऐकणारा पुढचं ऐकायच्या आधीच आपलं मत करून बसतो. स्कॉलरशिपवर कोण बोलतंय, हॉस्टेलवर कोण बोलतंय, हे आडनावावरून ठरवून त्याच्या मुद्द्याला वजन द्यायचं की नाही हेही ठरतं. मुलांना ते टाळायचं होतं आणि त्यांचा हेतू स्वच्छ होता. पण धडगावकडची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "तुम्ही लपवा. मी पावरा आहे, ते मी का लपवू? मी ऊसतोडीवर बोलणार आहे. माझं गाव दिवाळीनंतर अर्धं रिकामं होतं, माणसं गुजरातेत उसाला जातात. आडनाव काढलं तर हे कुणाचं आहे ते कसं कळेल?" सगळे गप्प झाले. त्यानंतर ज्याचं त्यानं ठरवायचं असं झालं. ज्यांच्याबद्दल बोलतो त्यांची नावं मात्र नाहीत. बालविवाहावर बोलताना तर गावाचंही नाव नाही, शाळेचं नाही, नदीचं नाही. आमच्याकडे "मारुतीच्या मंदिरामागचं घर" एवढं म्हटलं तरी तीन गावांना कळतं. लग्नाच्या वयाचा कायदा सगळ्यांना पाठ आहे. पण मैत्रिणीचं लग्न दहावीनंतर लागलं, हे सांगताना त्या मैत्रिणीला आज सासरी काय भोगावं लागेल याचा विचार त्या कायद्यात लिहिलेला नाही, तो बोलणाऱ्यानंच करायचा असतो.

त्या मुलाचं कारणही तिथेच होतं. कारण विचारायचं नाही, म्हणून मी विचारलं नाही. दोन दिवसांनी त्यानंच सांगितलं, मला नाही, त्या मुलीला. सायकल स्टँडजवळ दोघं बोलत होते, नंतर ती माझ्याकडे आली. "मुलींनी भाव खाल्लाय" हे वाक्य त्याला काढायचं नव्हतंच. "ते राहू द्या, मी बोललो ते बोललो," असं तो म्हणाला होता. काढायचा होता भाऊ. तो चहाचा कप, तो मामा, पंगतीला न थांबणं. भाऊ ट्रॅक्टरवर फोन लावून आमचे भाग ऐकतो. ऐकता ऐकता त्याला स्वतःचीच गोष्ट, लहान भावाच्या तोंडून, साऱ्या तालुक्याला ऐकवलेली सापडली असती. मुलगी म्हणाली, "मॅडम, काढा. मला कळलं." मग थोडं थांबून, "पण माझं उत्तर त्याच्या दादाला होतं. 'बाकी काय करता' यावरच मी आईचं बोलले. दादा काढला तर मी उगाच मध्येच आईचं रडगाणं सुरू केलं असं वाटेल." तेही खरं होतं. त्या मुलानं आणि तिनं मिळून तो तुकडा चार-पाच प्रकारे जोडून पाहिला. कुठल्याच जोडणीत ते नीट बसलं नाही. दादाशिवाय त्याचं वाक्य नुसतं टोमणा राहत होतं, आणि तिचं उत्तर त्या टोमण्यापेक्षा फार मोठं होतं. शेवटी दोघांनी भाग सोडून दिला. तो आमच्या हार्ड डिस्कवर आहे, बाहेर गेला नाही.

मला याचं वाईट वाटलं, आणि अजून वाटतं. आम्ही केलेल्या भागांमधला तो सगळ्यात खरा भाग होता. तो जिल्ह्यातल्या प्रत्येक बायोडाटा छापणाऱ्या बापानं आणि प्रत्येक मुलीच्या मामानं ऐकायला हवा होता. तरीही त्या मुलाला नाही म्हणण्याचा अधिकार कुणाला असता, असं मला वाटत नाही. आदरानं बोलायचं म्हणजे गोड बोलायचं, आवाज खाली ठेवायचा, "तुमच्या मताचा आदर आहे, पण" अशी सुरुवात करायची, असं बऱ्याच प्रशिक्षणांत शिकवतात. ते मला पुरेसं वाटत नाही. आमच्या खोलीत मुलं चिडतात. आरक्षणावरच्या भागात एक जण रडला आणि एक जण उठून बाहेर गेला, दहा मिनिटांनी पाणी पिऊन परत आला. त्या भागावर एका शेतकऱ्यानं अहिराणीत भलामोठा व्हॉइस मेसेज पाठवला होता. त्यात त्यानं पोरांना झापलं आणि शेवटी म्हणाला, "आधी आयकी ले, मंग बोल." पोरांनी तो मेसेज जसाच्या तसा पुढच्या भागात लावला, झापण्यासकट. हीच मुलं निवडणुकीच्या दिवसांत गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कसं बोलतात ते मी पाहिलंय. तिथे समोरचा माणूस घामानं भिजलेला दिसत नाही, त्याचा श्वास ऐकू येत नाही, आणि त्याचं वाक्य पुन्हा पुन्हा ऐकून नीट जोडण्याची जबाबदारी कुणावर नसते. जिथे ती जबाबदारी येते तिथे ही मुलं वेगळी वागतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून परीक्षा, हजेरी, नॅकचे कागद यांतून वेळ काढून ही खोली चालू ठेवण्यासाठी मी भांडते, आणि भांडत राहीन. प्राचार्यांकडे दुसरा माइक मागून झाला आहे. तो यायचा आहे.

उत्तर कुठं गेलं, ते मला दिवाळीच्या सुटीनंतर कळलं. मुलीनं भागातला तिचा तेवढा तुकडा फोनवर मागून घेतला होता. घरी, संध्याकाळी, कापसाच्या ढिगाशेजारी बसून तिनं तो आईला ऐकवला. आई रडेल असं तिला वाटलं होतं. आईनं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, अर्धं चुकीचं आहे. मजुरी मिळाली नाही हे खरं. पण शेवटच्या वेचणीचा, फरदडीचा कापूस दर वर्षी ती स्वतः वेगळा बांधते, स्वतः व्यापाऱ्याला घालते, ते पैसे तिचे असतात. आजवर त्यात कुणी हात घातलेला नाही. मुलीची अकरावीची फी त्यातली, आणि तिच्या हातातला हा फोनही त्यातलाच. "मी नुसती राबले असं सांगू नको. मी हिशेबानं राबले." शिवाय बांधावरच्या तुरीचं, म्हशीच्या दुधाचं, आत्यांच्या हक्कसोडीच्या वेळी ती घरात काय बोलली होती त्याचं, असं सगळं आई रात्री उशिरापर्यंत सांगत राहिली. मुलगी म्हणाली, मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आणि आईनं विचारलं, त्या खोलीत मोठ्या माणसांना बोलता येतं का. "माले बी बोलनं शे."

तेव्हा आता त्या येणार आहेत. एडिट तो पारोळ्याकडचा मुलगा करणार, कारण हक्कसोडीवर त्याचं त्यांच्याशी पटणार नाही असं त्यानं आधीच सांगून टाकलंय. बोलणं अहिराणीतच होईल. त्यांच्या दोन अटी आहेत. एक, मध्ये कुणी बोलायचं नाही. ती सगळ्यांनी लगेच मान्य केली. दुसरी अवघड आहे. त्यांना आपलं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, गाव, सगळं पूर्ण सांगायचंय. मुलगी घाबरली आहे. काकांच्या कानावर गेलं तर घरात काय होईल, ते तिला माहीत आहे. मुलांमध्ये दोन तट पडलेत. एक म्हणतो, ज्यांच्याबद्दल बोलतो त्यांचं नाव नाही हा नियम आहे, आणि आईच्या नावाबरोबर काका आपोआप येतात. दुसरा म्हणतो, आई स्वतः बोलतेय, ज्याचं त्यानं ठरवायचं हाही आपलाच नियम. परवा यावर दोन तास वाद झाला, पंखा चालू ठेवून, कारण रेकॉर्डिंग नव्हतं. माझं मत मी सांगितलं: त्यांना नाव सांगू द्यावं, आणि भाग बाहेर काढण्याआधी मुलीनं आणि आईनं तो घरी बसून, काकांसमोर, एकदा ऐकावा. मुलीला ते पटलेलं नाही. ती आणखी विचार करतेय. वेचणी आटोपली की, म्हणजे डिसेंबरच्या शेवटाला, आई मोकळ्या होतील. त्याआधी हे ठरवायला हवं.